‘पिक अप’ कसं वापरायचं: ‘उचलणे’ कुठवर साथ देतं आणि कुठे सोडायचं

फोन उचलला. पोलिसांनी एकाला उचललं. मुलानं नवा शब्द उचलला. संस्थेनं सगळा खर्च उचलला. बाजारानं उचल खाल्ली. या पाचही वाक्यांत जमिनीवरून कुणी काही वर घेतलेलं नाही, तरी आपल्याला अर्थ कळायला क्षणही लागत नाही. इंग्रजीत या पाचही ठिकाणी एकच क्रियापद चालतं: ‘पिक अप’.

म्हणूनच हे फ्रेजल व्हर्ब मराठी माणसानं सगळ्यात आधी शिकावं असं मला वाटतं. त्याचा निम्मा रस्ता आपण आधीच चाललेलो असतो. उरलेल्या निम्म्यात मात्र ‘उचलणे’ आपल्याला चुकीच्या वाटेला नेतं. ‘आय विल पिक यू अप ॲट सेव्हन’ याचं ‘मी तुला सात वाजता उचलतो’ असं मराठी केलं तर ती धमकी होईल. इंग्रजीत ते साधं, आपुलकीचं वाक्य आहे: मी सातला गाडी घेऊन येतो, तू तयार राहा. ‘उचलणे’चा हात कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, एवढं कळलं की हे क्रियापद तुमचं झालं.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘ऑन’ असा एखादा छोटा शब्द जोडून तयार झालेलं नवं क्रियापद. दोघांचे अर्थ वेगवेगळे पाहून बेरीज केली तर उत्तर बहुतेक वेळा चुकतं. परक्यांना हा प्रकार जड जातो हे इंग्रजांनाही फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परदेशी माणसाला सगळ्यात जास्त अडचण याच रचनेची होते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बऱ्याच उशिरा रुळलं. लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांनी ते 1925 मध्ये छापलं आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं, असं सांगितलं.

आपल्याला यात बिचकण्यासारखं काही नाही. ‘तो भलतंच काहीतरी करून बसला’ म्हणताना कुणी बसलेलं नसतं आणि ‘एकदाचं सांगून टाक’ म्हणताना कुणी काही टाकत नाही. मुख्य क्रियापदाच्या जोडीला दुसरं छोटं क्रियापद येऊन अर्थाचा रंग बदलतो, हे आपण लहानपणापासून करत आलोय. इंग्रजीत तेच काम ‘अप’ करतं, इतकाच फरक.

पहिली पायरी: वाक्यात कर्म आहे का ते बघा

‘पिक अप’ दिसलं की अर्थाच्या मागे धावू नका. आधी विचारा, काय किंवा कुणाला पिक अप केलंय? उत्तर मिळत नसेल, म्हणजे वाक्यात कर्मच नसेल, तर शक्यता फार थोड्या उरतात.

पहिली शक्यता सुधारणेची किंवा जोर धरण्याची. ‘बिझनेस इज पिकिंग अप’ म्हणजे धंद्यानं उचल खाल्लीय, मंदीतून तो वर येतोय. ‘द विंड पिक्ड अप’ म्हणजे वाऱ्याचा जोर वाढला. आजारातून उठणाऱ्या माणसाबद्दलही हे म्हणता येतं, पण तिथे ‘शी इज गेटिंग बेटर’ जास्त ऐकू येतं, म्हणून सुरुवातीला तेच वापरा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: धंद्याच्या बाबतीत ‘पिक अप’ म्हणजे आधी मंद असलेलं काहीतरी आता हलायला लागलं. आधीच जोरात चाललेला धंदा आणखी वाढला तर त्याला सहसा कुणी ‘पिक अप’ म्हणत नाही.

दुसरी शक्यता फोनची. ‘आय कॉल्ड ट्वाइस बट ही डिडन्ट पिक अप’. मी दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. ‘द फोन’ हे कर्म इथे गाळलं तरी चालतं, कारण फोनबद्दलच बोलणं चाललंय हे दोघांनाही ठाऊक असतं. इथे ‘उचलणे’ अगदी चपखल बसतं, आणि नेमकी इथेच आपली एक जुनी खोड आडवी येते. आपल्याकडे सर्रास ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ म्हटलं जातं. आपल्यातल्या आपल्यात ते कळतं, पण बाहेरच्या इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला त्यात काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. ‘अप’ गेला की ‘पिक’चा अर्थ ‘निवडणे’ किंवा ‘तोडणे’ होतो. ‘ही इज नॉट पिकिंग अप’ म्हणा, तेवढं पुरे.

तिसरी शक्यता आहे राहिलेलं काम पुढे चालू करण्याची. ‘लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’, म्हणजे जिथे सोडलं होतं तिथून पुढे जाऊ. शिकवणी, बैठक, गप्पा, सगळीकडे उपयोगी पडणारं हे वाक्य आहे. ते अख्खंच्या अख्खं पाठ करून टाका, तोडून समजून घेण्यात वेळ घालवू नका.

दुसरी पायरी: कर्म असेल तर ते कसलं आहे ते बघा

खरी गंमत इथे आहे. अर्थ ठरवतं ते कर्म. त्यामुळे ‘पिक अप’चे दहाबारा अर्थ घोकण्यापेक्षा कर्मांची कुटुंबं ओळखीची करून घ्या.

हाताने धरता येईल अशी वस्तू असेल तर सरळ ‘उचलणे’: ‘पिक अप युवर बॅग’. पण तीच वस्तू दुकानात, टपालकचेरीत किंवा कुणाकडे ठेवलेली असेल तर अर्थ होतो ‘जाऊन घेऊन येणे’. ‘आय हॅव टु पिक अप माय ग्लासेस’ हे वाक्य चष्मा जमिनीवर पडला असताना एक सांगतं, आणि चष्मेवाल्याकडे तयार होऊन पडला असताना दुसरंच. कुठे बोललं गेलंय त्यावरून ठरवायचं. याच घरातला आणखी एक अर्थ म्हणजे जाता जाता विकत घेणे: ‘कॅन यू पिक अप अ न्यूजपेपर ऑन द वे होम?’ इथे वर्तमानपत्र उचलून निघून यायचं नाही, पैसे द्यायचे आहेत. मराठीत ‘दुकानातून उचललं’ म्हटलं तर चोरीचा वास येऊ शकतो. इंग्रजीत इथे तो अजिबात येत नाही, म्हणून बिनधास्त वापरा.

कर्म माणूस असेल तर बहुतेक वेळा अर्थ ‘गाडीनं घ्यायला जाणे’ हाच. ‘हू इज पिकिंग यू अप?’ तुला घ्यायला कोण येतंय? ‘पिक मी अप फ्रॉम द स्टेशन’, मला स्टेशनवरून घे. याचा जोडीदार ‘ड्रॉप ऑफ’. आपल्याकडे ‘पिक अँड ड्रॉप’ असं जे म्हणतात त्यात दोन्ही छोटे शब्द गळालेले आहेत. पूर्ण रूप आहे ‘पिक अप अँड ड्रॉप ऑफ’. बस प्रवासी घेते तेही पिक अप, आणि बोट समुद्रात अडकलेल्यांना घेते तेही.

कर्ता पोलीस असतील तर मराठीचा अर्थ जसाच्या तसा लागू पडतो. ‘द पुलीस पिक्ड हिम अप’ म्हणजे चौकशीला उचलून नेलं. मूल हे कर्म असेल तर मात्र दोन्ही अर्थ जिवंत असतात. ‘शी पिक्ड अप द बेबी’ म्हणजे कडेवर घेतलं, आणि ‘शी पिक्ड अप द किड्स ॲट फोर’ म्हणजे शाळेतून आणलं.

माणसाच्या बाबतीत आणखी एक अर्थ आहे आणि तो न सांगणं योग्य होणार नाही. अनोळखी व्यक्तीशी शरीरसंबंधाच्या हेतूनं ओळख काढून तिला सोबत नेणे यालाही इंग्रजीत ‘पिक अप’ म्हणतात. ‘आय पिक्ड अप अ गर्ल लास्ट नाइट’ असं कुणी म्हणालं तर ऐकणारा तोच अर्थ घेईल. म्हणून भाचीला स्टेशनवरून आणलं असेल तर नातं आणि जागा दोन्ही सांगा: ‘आय पिक्ड अप माय नीस फ्रॉम द स्टेशन’. मग संशयाला जागाच राहत नाही.

आता शिकण्याचा अर्थ. मला हा सगळ्यात आवडतो, कारण इथे मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात. ‘शी पिक्ड अप अ लिटल स्पॅनिश’, म्हणजे तिनं थोडीफार स्पॅनिश उचलली. वर्ग नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. लोकांत राहून, कानावर पडून आलेली. सवय, लकब, उच्चाराची ढब, एखादी युक्ती, कानावर आलेली बातमी, सगळं याच अर्थानं पिक अप होतं. ‘व्हेअर डिड यू पिक अप दॅट हॅबिट?’ ही खोड कुठून उचललीस? मराठीतला ‘आपोआप’ हा भाव इंग्रजीतही आहे आणि तोच इथे महत्त्वाचा. चार वर्षं अभ्यास करून मिळवलेल्या पदवीबद्दल ‘आय पिक्ड अप इंजिनिअरिंग’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही ते येता जाता शिकलात. कष्टानं शिकलेल्या गोष्टीला ‘लर्न’ किंवा ‘स्टडी’ म्हणा. आणि ठरवून एखादा छंद सुरू केला तर ‘टेक अप’: ‘आय टुक अप पेंटिंग’.

आजारपणात ‘उचलणे’ हात सोडतं. ‘सर्दी उचलली’ आपण म्हणत नाही, इंग्रजीत मात्र ‘शी पिक्ड अप ॲन इन्फेक्शन’ चालतं. संसर्गानं येणारे आजारच यात बसतात. मधुमेह किंवा रक्तदाब कुणी ‘पिक अप’ करत नाही. साध्या सर्दीला ‘कॅच अ कोल्ड’ जास्त रुळलेलं आहे.

यंत्रं, प्राणी आणि तीक्ष्ण कानाची माणसं टिपतात तेही ‘पिक अप’. रडारनं विमान टिपलं, मायक्रोफोननं मागची कुजबुज टिपली, कुत्र्याला वास लागला. इथे मराठीला ‘टिपणे’ हा सुंदर शब्द आहे, तो मनात ठेवलात की अर्थ लगेच लागेल.

बाकीची कुटुंबं लहान आहेत. ‘पिक अप द बिल’ म्हणजे खर्च उचलणे, आणि तेही बहुधा दुसऱ्यांच्या वाटणीचा. ‘पिक अप ॲन अवॉर्ड’ म्हणजे पुरस्कार पटकावणे. ‘पिक अप स्पीड’ म्हणजे वेग पकडणे, आणि तिथे ‘स्पीड’च्या आधी ‘द’ लावू नका. ‘पिक अप द पीसेस’ म्हणजे मोठ्या आघातानंतर विस्कटलेली घडी पुन्हा बसवणे.

तिसरी पायरी: ‘अप’ कुठे ठेवायचा

अर्थ चुकला तर समोरचा एखाद्या वेळी सांभाळून घेतो. शब्दक्रम चुकला तर तो ऐकता क्षणीच खटकतो, म्हणून या पायरीवर थोडं रेंगाळा.

कर्म नाम असेल तर दोन्ही चालतं. ‘पिक अप द बुक’ बरोबर, ‘पिक द बुक अप’ही बरोबर. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे ‘इट’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’, ‘मी’, ‘अस’, ‘यू’ यांपैकी काही, तर ते मध्येच जायला हवं. ‘पिक इट अप’ बरोबर. ‘पिक अप इट’ चूक. याला पळवाट नाही आणि अर्थ बदलला म्हणून नियम बदलत नाही. फोन असो, मूल असो, भाषा असो, आजार असो: ‘पिक इट अप’, ‘पिक हर अप’, ‘आय पिक्ड इट अप इन अ फ्यू मंथ्स’.

कर्म लांबलचक असेल तर उलट करा. ‘ही पिक्ड अप द रिपोर्ट दॅट समवन हॅड लेफ्ट ऑन द टेबल’ हे वाक्य सुखानं वाचता येतं. त्यातला ‘अप’ शेवटी नेऊन ठेवला तर वाचणारा ‘पिक्ड’पासून निघून ‘अप’पर्यंत पोचेस्तोवर दमतो. सर्वनाम मध्ये, लांब कर्म शेवटी, आणि आखूड नाम तुम्हाला सोयीचं वाटेल तिथे. ‘पिक अप स्पीड’, ‘पिक अप द पीसेस’ यांसारखे बांधलेले प्रयोग मात्र फोडू नका, ते आहेत तसेच राहू द्या.

काळ बदलला की बदल ‘पिक’ला होतो, ‘अप’ला नाही. ‘पिक्स अप’, ‘पिकिंग अप’, ‘पिक्ड अप’. कर्मणी प्रयोगातही ‘अप’ जागचा हलत नाही: ‘द पार्सल वॉज पिक्ड अप यस्टर्डे’. घाईत तो ‘अप’ विसरला तर वाक्याचा अर्थ ‘पार्सल निवडलं गेलं’ असा होऊन बसतो.

चौथी पायरी: कानाला सवय लावा

लिहिलेलं ‘पिक अप’ ओळखणाऱ्यांनाही बोलण्यात ते ऐकू येत नाही, याचं कारण दोन शब्द एकमेकांना चिकटतात. देवनागरीत हे फार नेमकं दाखवता येतं. ‘पिक अप’ कानाला ‘पिकप’ असं येतं. ‘पिक्ड’मधला ‘ड’ प्रत्यक्षात ‘ट’ असतो, म्हणून ‘पिक्ड अप’ होतं ‘पिक्टप’. ‘पिक इट अप’ होतं ‘पिकिटप’. भूतकाळात ‘पिक्ड इट अप’चं ‘पिक्टिटप’. हे चार आवाज मोठ्यानं, सलग, न थांबता दहा-वीस वेळा म्हणा. तोंडाला जमलं की कानालाही सापडायला लागतात.

जोर कुठे द्यायचा तेही शिकून घ्या. क्रियापद म्हणून वापरताना ‘अप’वर जोर येतो, विशेषतः ‘पिक इट अप’मध्ये. नाम म्हणून वापरताना, म्हणजे सामान वाहणारी पिकअप गाडी किंवा ‘तुमचा पिकअप सकाळी आहे’ अशा वाक्यात, जोर ‘पिक’वर जातो. लिहितानाही हाच भेद पाळा: क्रियापद असेल तर दोन सुटे शब्द, नाम असेल तर जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन.

पाचवी पायरी: शेजारपाजारच्यांशी गल्लत टाळा

‘पिक अ फ्लॉवर’ म्हणजे फूल तोडणे, ‘पिक अप अ फ्लॉवर’ म्हणजे खाली पडलेलं फूल उचलणे. एका ‘अप’नं झाडावरचं फूल जमिनीवर आलं. ‘पिक आउट’ म्हणजे अनेकांतून निवडणे किंवा गर्दीत ओळखणे. ‘पिक ऑन’ म्हणजे एखाद्याच्याच मागे लागून त्याला त्रास देणे.

तीन शब्दांची रूपं जरा अवघड आहेत. ‘पिक अप ऑन’ म्हणजे न सांगितलेली गोष्ट हेरणे: ‘शी पिक्ड अप ऑन हिज नर्व्हसनेस’, तो घाबरलाय हे तिच्या ध्यानात आलं. चर्चेत कुणाचा मुद्दा पकडून पुढे नेतानाही हेच येतं. यात कर्म नेहमी शेवटी, सर्वनाम असलं तरी: ‘पिक अप ऑन इट’. माणूस मध्ये आला तर अर्थ पालटतो. ‘माय टीचर पिक्ड मी अप ऑन माय स्पेलिंग’ म्हणजे शुद्धलेखनावरून शिक्षकांनी मला टोकलं. हा प्रयोग मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला. आणि ‘पिक अप आफ्टर समवन’ म्हणजे दुसऱ्यानं केलेला पसारा आवरत बसणे.

औपचारिक लिखाणात थोडं सावध राहा. शोधनिबंधात किंवा अधिकृत पत्रात ‘पिक अप’ऐवजी अर्थानुसार ‘कलेक्ट’, ‘अक्वायर’, ‘डिटेक्ट’, ‘इम्प्रूव्ह’, ‘रिझ्यूम’ असे शब्द शोभतात. बोलताना मात्र उलट. ‘आय शॅल कलेक्ट यू ॲट सेव्हन’ असं मित्राला म्हणालात तर तो अवघडून जाईल.

सहावी पायरी: कोश उघडा

शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला कोणताही चांगला इंग्रजी कोश घ्या आणि ‘पिक’ची नोंद काढा. फ्रेजल व्हर्ब्स बहुधा त्या नोंदीच्या शेवटी स्वतंत्र गटात दिलेली असतात. तिथे ‘पिक समथिंग अप’ असं कर्म मध्ये घालून छापलेलं दिसेल, आणि काही कोशांत दोन्हीकडे टोक असलेला छोटा बाण दिसेल. त्या बाणाचा अर्थ एवढाच की कर्म दोन्ही जागी चालतं, म्हणजे सर्वनाम मध्ये जाणार. कर्म शेवटीच छापलेलं असेल आणि बाण नसेल, तर क्रियापद फुटत नाही. ‘लुक आफ्टर’ उघडून पाहा: तिथे ‘लुक आफ्टर समबडी’ असंच सापडेल, म्हणून ‘लुक आफ्टर हिम’ बरोबर आणि ‘लुक हिम आफ्टर’ चूक. ‘पिक अप’ झालं की याच पद्धतीनं ‘पुट ऑफ’, ‘टर्न डाउन’, ‘गेट ओव्हर’ घ्या. प्रत्येकाची नोंद वाचताना आधी कर्माची जागा बघा, मग अर्थ वाचा, आणि प्रत्येक अर्थाला स्वतःच्या रोजच्या कामातलं एक वाक्य वहीत लिहा, त्यातही कर्म सर्वनाम ठेवून.